पेम्फिगसचे निदान झाल्यावर: नव्या रुग्णासाठी आणि घरच्यांसाठी मार्गदर्शन

पेम्फिगस व्हल्गॅरिस हे नाव बहुतेक लोक पहिल्यांदा वाचतात ते स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या बायोप्सीच्या अहवालावर. अंगावर आणि तोंडात फोड आणणारा हा आजार दुर्मीळ आहे. बहुतेक ठिकाणी दर दहा लाख लोकांमागे वर्षाला मोजकेच नवे रुग्ण आढळतात, त्यामुळे ओळखीपाळखीत तो झालेला माणूस सापडत नाही आणि नेहमीच्या डॉक्टरांनीही तो क्वचितच पाहिलेला असतो. अशा नव्या रुग्णासाठी आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात एका गोष्टीवर मी पुन्हा पुन्हा येणार आहे: अंगावरचा नवा फोड आणि भरत चाललेली जुनी जखम यांतला फरक ओळखायला शिकणे. बायोप्सी कुठून घ्यायची, औषधाचा डोस पुरतो आहे की नाही, तो कधी कमी करायचा आणि आजार उलटतो आहे का, हे सगळे त्या फरकावर ठरते. आणि तो रोज जवळून पाहणे डॉक्टरांपेक्षा रुग्णालाच शक्य असते.

आधी आजार समजून घ्या

त्वचेचा सर्वांत वरचा थर पेशींचा बनलेला असतो आणि या पेशी डेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म जोडांनी एकमेकींना धरून असतात. कपड्याचे टिचबटण जसे दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांत बसले की पक्के लागते, तसे हे जोड असतात. त्यांतली मुख्य प्रथिने म्हणजे डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३. एरवी जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करणारी शरीराची यंत्रणा पेम्फिगसमध्ये याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. जोड सुटतात, पेशी एकमेकींपासून अलग होतात, मधल्या पोकळीत पाण्यासारखी लस साचते आणि फोड दिसू लागतो. फट त्वचेच्या वरच्या थराच्या आतच पडत असल्यामुळे फोडाचे आवरण अगदी पातळ असते. म्हणूनच हे फोड सैल असतात, चटकन फुटतात आणि अनेक रुग्णांच्या अंगावर अखंड फोडांपेक्षा फुटून उघड्या पडलेल्या ओल्या जागाच जास्त दिसतात.

आजाराची सुरुवात बहुतेक वेळा तोंडातूनच होते, यालाही कारण आहे. तोंडातल्या नाजूक अस्तरात पेशी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः डेस्मोग्लीन ३ करते, तर त्वचेत डेस्मोग्लीन १ चा आधार मोठा असतो. फक्त ३ विरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर त्वचा १ च्या बळावर टिकून राहते आणि जखमा तोंडापुरत्या राहतात. पुढे १ विरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली, की छाती, पाठ, डोके, काखा अशा ठिकाणी फोड उठू लागतात. त्यामुळे तोंडातल्या जखमा आणि अंगावरचे फोड यांच्यात कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते, आणि दोन्ही एकाच आजाराचे भाग आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा आजार संसर्गजन्य नाही. फोडातली लस दुसऱ्याच्या हाताला लागली, एकाच ताटात जेवले किंवा एका अंथरुणावर झोपले, तरी तो दुसऱ्याला होत नाही. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. काही विशिष्ट जनुके असलेल्यांमध्ये तो होण्याचा कल थोडा अधिक असतो, पण ती जनुके असलेल्या बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही, म्हणून मुलाबाळांना होईल या धास्तीत राहण्याचे कारण नाही. घरच्यांनी या गोष्टी सुरुवातीलाच नीट समजून घ्याव्यात. अंगावर उघड्या जखमा असलेल्या माणसाला जवळच्यांनीच दूर ठेवणे फार क्रूर आहे, आणि इथे तर त्याला वैद्यकीय आधारही नाही.

निदान पक्के करून घ्या

हिरड्यांवर, गालाच्या आतल्या बाजूला किंवा टाळूवर जखमा होतात, जेवताना झोंबते, आणि ‘तोंड आले आहे’ असे समजून जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बुरशीवरची औषधे, लावायची मलमे असे उपाय महिनोन्‌महिने चालू राहतात. अंगावर फोड आल्यावर कधी कांजिण्यांची, कधी नागिणीची शंका घेतली जाते. साधे तोंड आले असेल, तर ते साधारण दोन आठवड्यांत भरते. तोंडातली जखम तीन-चार आठवड्यांतही भरत नसेल किंवा एक भरेपर्यंत दुसरी होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि बायोप्सीबद्दल विचारावे.

बायोप्सीत त्वचेचे किंवा तोंडातल्या अस्तराचे दोन वेगवेगळे तुकडे घेतले जातात, आणि इथे थोडे सावध राहणे फायद्याचे ठरते. पहिला तुकडा शक्यतो एक-दोन दिवसांच्या ताज्या फोडाच्या कडेवरून घेतात, तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कुठल्या पातळीवर सुटल्या आहेत ते पाहतात. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घेतात. त्यावर डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स ही तपासणी होते आणि पेशींभोवती अडकलेली प्रतिपिंडे जाळीसारखी चमकताना दिसतात. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला, तर तपासणी वाया जाते; त्यासाठी मिशेल द्रावण नावाचे वेगळे द्रावण वापरतात किंवा प्रयोगशाळा जवळ असेल तर सलाइन चालते. तुकडे प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे काम नातेवाइकांकडे दिले असेल, तर दोन्ही बाटल्यांवरची चिठ्ठी वाचावी आणि कोणती कशासाठी आहे ते तिथेच विचारून घ्यावे. याशिवाय रक्तातली डेस्मोग्लीन १ आणि ३ विरुद्धची प्रतिपिंडे एलायझा चाचणीने मोजता येतात. उपचारांच्या सुरुवातीचा हा आकडा पुढे तुलनेसाठी उपयोगी पडतो, म्हणून अहवाल जपून ठेवावा.

एक गोष्ट घरी करून पाहू नये. फोडाशेजारची त्वचा बोटाने घासली की साल सुटते का, हे डॉक्टर तपासतात. त्याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात. घरी तसे केल्याने फक्त नवी जखम होते.

फोड येणारे दुसरेही ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्यामुळे होणारे आजार, आहेत, आणि उपचार वेगळे असल्यामुळे तुम्हाला कोणता आजार आहे हे नावानिशी माहीत हवे. बुलस पेम्फिगॉईड बहुतेक करून साठी-सत्तरीनंतर होतो. त्यात फट त्वचेच्या वरच्या आणि खालच्या थरांच्या मध्ये पडते, म्हणून फोड घट्ट, टणटणीत असतात आणि सहजी फुटत नाहीत. फोडांच्या आधी कित्येक आठवडे नुसती खाज सुटते, तोंड मात्र बहुधा वाचते. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी त्याचा संबंध आढळला आहे, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. पेम्फिगस फोलिएशियस या प्रकारात प्रतिपिंडे फक्त डेस्मोग्लीन १ विरुद्ध असतात. तोंडात काहीच होत नाही आणि अंगावर पापुद्र्यासारख्या खपल्या येतात. डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसचा संबंध गव्हातल्या ग्लुटेनशी असतो. पेम्फिगस आणि पेम्फिगॉईड यांना १९५३ पर्यंत नीट वेगळे केलेले नव्हते. त्या वर्षी वॉल्टर लिव्हर यांनी पेम्फिगॉईड हा पेम्फिगसपेक्षा निराळा आजार असल्याचे दाखवले, आणि १९६४ मध्ये ब्यूटनर व जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे दाखवून दिली.

नवा फोड आणि जुनी जखम

चांगल्या उजेडात, आरशासमोर किंवा घरच्या कोणाची मदत घेऊन रोज एकदा सगळे अंग पाहावे. नव्या फोडात पाण्यासारखी स्वच्छ लस असते, भोवतालची त्वचा अनेकदा अगदी नेहमीसारखी असते आणि आवरण सुरकुतल्यासारखे सैल असते. एक-दोन दिवसांत तो फुटतो आणि खाली लाल, ओलसर, स्पर्श सहन न होणारी जागा उघडी पडते. जखम वाढत असेल, तर तिच्या कडेला सुटलेल्या सालीची पांढुरकी किनार दिसते आणि ही किनार रोज थोडी बाहेर सरकते. जखम भरत असेल, तर उलटे घडते: कड कोरडी पडते, किनार खाली बसते आणि कडेकडून आत फिकट गुलाबी, चकचकीत नवी त्वचा येऊ लागते. मध्यभागी अजून ओल असली तरी कड आत सरकते आहे, म्हणजे ती जखम भरते आहे. डोक्यातल्या जखमांवर केसांमुळे जाड खपली धरते आणि त्या सर्वांत शेवटी भरतात, म्हणून त्यांच्यावरून औषध चालत नाही असा निष्कर्ष काढू नये. तोंडातल्या जखमाही सावकाश भरतात.

एका वहीत तारीख, त्या दिवशीचे नवे फोड, तोंडाची अवस्था, वजन आणि घेतलेला डोस एवढे लिहावे. ठरावीक दोन-तीन जागांचे फोटो आठवड्यातून एकदा, त्याच अंतरावरून आणि त्याच उजेडात काढावेत. ‘बरे आहे’ किंवा ‘त्रास वाढला आहे’ या उत्तरांवरून डॉक्टरांना फारसा बोध होत नाही. ‘नऊ दिवसांत एकही नवा फोड नाही, पण पाठीवरची जखम अजून वाढते आहे’ या एका वाक्यावर ते निर्णय घेऊ शकतात.

तोंडाव्यतिरिक्त इतर ओल्या अस्तरांवरही जखमा होतात. गिळताना छातीत दुखणे, आवाज बसणे, नाकातून रक्तमिश्रित खपल्या येणे, डोळे लाल होणे, लघवीच्या किंवा शौचाच्या जागी आग होणे, यांपैकी काहीही असले तर संकोच न करता सांगावे. संकोचामुळे न सांगितलेल्या जखमा उपचारांच्या हिशोबातून सुटतात आणि डोस चुकतो.

औषधे काय करतात

स्टेरॉईड येण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या दशकाच्या आधी, पेम्फिगस व्हल्गॅरिस झालेले बहुसंख्य रुग्ण दगावत. आज योग्य उपचारांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. ‘स्टेरॉईड’ हा शब्द ऐकून बिचकणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी ही गोष्ट आधी सांगेन, दुष्परिणाम नंतर.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळीची सुरुवात बहुधा वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम अशी होते. आजार तीव्र असेल तर यापेक्षा जास्तही देतात. गोळी सकाळी, काही खाऊन घ्यावी. संध्याकाळी घेतल्यास झोप उडते. एकाच गोळीच्या ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या पट्ट्या मिळतात, म्हणून ‘दोन गोळ्या’ असे न लिहिता मिलिग्रॅममध्ये लिहून ठेवावे. रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, काचबिंदू, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, भूक वाढणे, चिडचिड आणि उदासी हे मुख्य दुष्परिणाम आहेत. त्यांतले बरेचसे वेळेवर तपासणी केल्यास सांभाळता येतात, म्हणून साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडांची घनता यांच्या तपासणीचे वेळापत्रक पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व गरज असल्यास हाडांच्या औषधाबद्दल विचारावे.

स्टेरॉईड आपल्या मनाने कधीही बंद करू नये. काही आठवडे गोळी घेतल्यावर शरीरातल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी स्वतःचे स्टेरॉईड संप्रेरक तयार करणे कमी करतात. अशा वेळी गोळी एकाएकी बंद झाली, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते, शिवाय आजार दुप्पट जोराने उलटतो तो वेगळाच. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. शस्त्रक्रिया, अपघात किंवा मोठा ताप असला, तर समोरच्या डॉक्टरांना आपण स्टेरॉईडवर आहोत हे आधी सांगावे, कारण त्या काळात डोस वाढवावा लागू शकतो. पाकिटात तशी चिठ्ठी असलेली बरी.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची मूळ फळी म्हणजे बी पेशी. रिटुक्सिमॅब हे शिरेतून दिले जाणारे औषध या पेशी नाहीशा करते. पेम्फिगसमध्ये बहुधा एक-एक ग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९० नव्या रुग्णांवरच्या फ्रान्समधल्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि थोड्या काळासाठी स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी कोणत्याही औषधाशिवाय पूर्ण बरे होते. फक्त स्टेरॉईड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी या औषधाला मान्यता मिळाली. आजार मध्यम किंवा तीव्र असेल, तर हे औषध सुरुवातीलाच घ्यावे का, हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून विचारावा असे माझे मत आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि तोवर स्टेरॉईडच आजार धरून ठेवते. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण शरीरात दबून असलेला तो विषाणू या औषधानंतर उसळू शकतो. क्षयरोगाचीही तपासणी करतात. आवश्यक प्रतिबंधक लशी शक्यतो औषधाच्या किमान चार आठवडे आधी घ्याव्यात. जिवंत विषाणूंच्या लशी उपचारांच्या काळात टाळाव्यात.

अझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट या गोळ्या स्टेरॉईडचा डोस कमी करता यावा म्हणून जोडीला दिल्या जातात. त्यांच्यासाठी रक्तपेशी आणि यकृत यांची ठरावीक काळाने तपासणी लागते. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे आणि रिटुक्सिमॅबनंतर साधारण वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात, म्हणून मूल हवे असलेल्या जोडप्याने हा विषय उपचार ठरण्यापूर्वी काढावा. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जाऊ शकतात आणि क्वचित बाळाला जन्मतः फोड दिसतात, पण ती प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरली की फोडही जातात.

जखमांची आणि तोंडाची रोजची काळजी

मोठा, ताणलेला फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून लस निघू द्यावी, मात्र वरचे आवरण काढू नये; खालची जागा झाकायला त्याच्याइतके चांगले काही नाही. हे पहिल्यांदा परिचारिकेकडून शिकून घ्यावे. ओल्या जखमांसाठी पोटॅशियम परमँगनेटचे पाणी सांगितले असेल, तर ते फिकट गुलाबीच असावे आणि एकही खडा न विरघळता राहू नये, कारण तो त्वचेला भाजतो. जखमेवर व्हॅसलीन लावलेली किंवा न चिकटणारी पट्टी ठेवून वरून सैल गुंडाळपट्टी बांधावी. चिकटपट्टी त्वचेवर कधीही लावू नये. ती काढताना चांगली सालही सोबत येते. रक्त घेणाऱ्याला आणि सलाइन लावणाऱ्याला हे दर वेळी सांगावे लागते. रक्तदाबाची पट्टीही कपड्यावरून बांधायला सांगावी. पट्टी सुकून चिकटली असेल, तर पाण्याने भिजवून मगच सोडवावी. कपडे मऊ, सैल आणि सुती असावेत. कडक उन्हाने फोड वाढू शकतात, म्हणून अंग झाकून बाहेर पडावे.

तोंड दुखते म्हणून दात घासणे सोडले, तर हिरड्यांवर किटण साचून जखमा अधिकच चिघळतात. लहान मुलांचा अतिशय मऊ ब्रश आणि झोंबणारा पुदिना नसलेली सौम्य टूथपेस्ट वापरावी. तिखट, आंबट, खारट, कडक आणि फार गरम पदार्थ तोंड भरेपर्यंत टाळावेत. कोमट, मऊ, प्रथिने भरपूर असलेले खावे. जखमांतून लस जात असल्यामुळे शरीरातले प्रथिन कमी होते, म्हणून फक्त पातळ पेयांवर राहणे बरोबर नाही. जेवणाआधी लावायचे बधिर करणारे जेल आणि गुळणी करून थुंकायचे स्टेरॉईडचे द्रावण यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. तोंडात दह्यासारखे पांढरे थर दिसले, तर ती स्टेरॉईडमुळे वाढलेली बुरशी असू शकते. तिचे औषध वेगळे आहे, आणि तिला आजार वाढला असे समजून स्टेरॉईड वाढवणे चूक ठरते.

केव्हा थांबून चालणार नाही

आजच्या काळात या आजारात जीव जातो तो मुख्यतः जंतुसंसर्गाने. त्वचा उघडी असते आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. थंडी वाजून ताप येणे, जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, जखमेभोवती लाली व उष्णता पसरणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, पाणीही गिळता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्टेरॉईडमुळे ताप झाकला जाऊ शकतो, म्हणून ताप नाही एवढ्यावर विसंबू नये. एखादी जखम एकाएकी फार दुखू लागली, तर तिथे नागिणीच्या गटातल्या विषाणूचा संसर्ग झाला आहे का, हे तपासून घ्यावे.

डोस कमी होताना

नवे फोड येणे थांबले आणि जुन्या जखमा भरू लागल्या, म्हणजे आजार आटोक्यात आला असे तज्ज्ञ मानतात. त्यानंतर किमान दोन आठवडे एकही नवा फोड नाही आणि सुमारे ८० टक्के जखमा भरल्या आहेत, अशी स्थिती आली की सामान्यतः स्टेरॉईड कमी करायला सुरुवात होते. ही उतरण मुद्दाम हळू ठेवलेली असते. भरलेल्या जागी व्रण राहत नाही, पण काळपट डाग कित्येक महिने टिकतात. डाग म्हणजे आजार शिल्लक आहे असे नाही आणि त्यांच्यासाठी औषध वाढवण्याची गरज नसते. प्रतिपिंडांच्या आकड्याचेही तसेच आहे. डेस्मोग्लीन १ चा आकडा त्वचेच्या अवस्थेशी बराच जुळतो, पण ३ चा आकडा जखमा पूर्ण भरल्यावरही वर राहू शकतो, त्यामुळे नुसत्या अहवालावरून घाबरू नये.

डोस कमी होत असताना किंवा औषधे थांबल्यावरही एखाददुसरा फोड येऊ शकतो. तो आठवड्याभरात आपोआप सुकला, तर तारखेसह नोंद करून पुढच्या भेटीत दाखवावा. एका महिन्यात तीन किंवा अधिक नवे फोड आले आणि ते आठवड्याभरात भरले नाहीत, किंवा भरलेल्या जखमेची कड पुन्हा बाहेर सरकू लागली, तर आजार उलटला असे धरतात. अशा वेळी घरी उरलेल्या गोळ्यांनी डोस वाढवू नये. वही आणि फोटो घेऊन ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.